वाचकांचे प्रश्न : गाण्याचा तास कुठे गेला?

गेल्या अंकात या सदराकडे एका वाचकाने एकच ओळ लिहून पाठविली होती : ‘आमच्या हायस्कुलात आता गाण्याचा तास होत नाही, तुमच्याकडे होतो का?’ त्या ओळीवर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली, की संपादकांनी हा अंक त्याच विषयाला देण्याचे ठरविले. गिरणाकाठच्या एका माध्यमिक शाळेत 28 वर्षे संगीत शिकवून मी निवृत्त झालो असल्यामुळे उत्तरे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

मी ज्या शाळेत शिकलो, तिथे संगीताचे सर होते, पेटी होती, तबला होता. आज माझा मुलगा त्याच शाळेत नववीत आहे आणि त्याने शाळेत पेटी पाहिलेलीही नाही. हा विषय बंद कोणी केला? (पालक, एरंडोल)

बंद करण्याचा आदेश शोधू गेलात तर तो सापडणार नाही, कारण असा आदेश कोणी काढलेला नाही. कागदावर विषय आजही आहे. तो ‘कला’ या शब्दात सामावलेला आहे, वेळापत्रकात त्याला चौकट आहे आणि प्रगतिपुस्तकात त्याची श्रेणीही छापलेली असते. नाहीशी झाली ती जागा, म्हणजे शिक्षकाचे पद.

सगळ्याच हायस्कुलांत पूर्वी संगीत शिक्षक होते, असे मात्र समजू नये. तालुक्याच्या गावांतील जुन्या संस्थांत चित्रकला, हस्तकला, शारीरिक शिक्षण यांच्या बरोबरीने संगीताचाही ‘विशेष शिक्षक’ असे. पदांची संख्या विद्यार्थी आणि तुकड्यांवर ठरते. इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या तशा मराठी शाळांच्या तुकड्या घटल्या, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरू लागले आणि मे 2012 मध्ये शासनाने अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत खाजगी शाळांतील भरतीच थांबविली. त्या काळात निवृत्त होणाऱ्या विशेष शिक्षकाच्या मागे कोणी आले नाही. पुढे पद भरण्याची संधी मिळाली तेव्हाही, एकच जागा असेल तर ती गणिताला द्यावी की गाण्याला, हा प्रश्न कोणत्याही संस्थाचालकाला पडला नाही. माझ्या जागेचेही तेच झाले.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीची पटसंख्या 100 पेक्षा अधिक असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे म्हटले आहे. ‘अंशकालीन’ या एका शब्दाने पुढची दिशा ठरली. 2015 मध्ये राज्यात तासिकेप्रमाणे मानधन घेणाऱ्या अतिथी निदेशकांचा मार्ग काढण्यात आला. परंतु संगीताची विशारद ही वरची परीक्षा झालेला माणूस जळगावात घरी चार शिकवण्या घेऊन त्याहून बरे मिळवतो, तर तो बसभाडे खर्चून खेड्यातल्या हायस्कुलात कशासाठी येईल? नववी-दहावी तर त्या अनुसूचीच्या कक्षेतच नाही.

आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. ‘कला’ या छत्राखाली चित्रकला आणि संगीत दोन्ही असली, तरी चित्रकलेला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचा आधार आहे, तशा शासन स्वतः घेते अशा परीक्षा गायन-वादनाला नाहीत. त्यामुळे कलेचे एकच पद टिकवायचे झाले की चित्रकला टिकते. चित्रकलेच्या शिक्षकांशी माझे वैर नाही. माझ्या शाळेत आमच्या दोघांचे कपाट एकच होते.

श्रेणीविषयी एक कबुली देतो. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या दोन वर्षांत दहावीचे माझे बहुतेक तास जादा गणिताकडे वळविले गेले होते. ज्या तुकडीसमोर मी वर्षभरात दोनदाच उभा राहिलो, त्या तुकडीतील सर्वांना मी ‘अ’ श्रेणी दिली. तक्रार कोणाचीच आली नाही. तक्रार आली असती तर कदाचित तास परत मिळाला असता.

संगीत ही गुरुमुखी विद्या आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ती शिकविता येते, हेच मुळात मला मान्य नाही. मग ती गेली म्हणून शोक कशाला? (वाचक, चोपडा)

वर्गात गवई घडत नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. पण वर्गात कवीही घडत नाही आणि तरी आपण कविता शिकवितो.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा हाच आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. दरबाराच्या आणि घराण्याच्या बाहेर, ज्याच्या घरात गाणे नाही त्यालाही फी भरून किंवा न भरता गाणे शिकता यावे, हा त्यामागचा हेतू होता. त्याही आधी, 1886 साली, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने संगीतशाळा सुरू झाली आणि गायक मौलाबक्ष तेथे स्वरलिपीच्या, म्हणजे गाणे स्वरांत लिहून ठेवण्याच्या पद्धतीच्या, आधारे शिकवू लागले. हे सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या शेजारचे. वर्गात गाणे शिकविण्याची कल्पना आपल्याकडे अशी सव्वाशेहून अधिक वर्षे मुरलेली आहे.

साठ मुलांच्या वर्गाला मी जे देऊ शकलो, ते एवढेच : सूर लागला आणि सूर सुटला यांतला फरक कानाला कळणे, आठ मात्रांची टाळी न चुकता धरणे, भूप आणि दुर्गा हे दोन राग ऐकून वेगळे ओळखणे, आणि दुसरा गात असताना गप्प बसणे. यातली चौथी गोष्ट शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागे. हे चार पैसे ज्याच्या गाठी आहेत, तो पुढे गुरूकडे जाईल किंवा जाणार नाही. पण बालगंधर्वांच्या नावाच्या नाट्यगृहात एखाद्या संध्याकाळी तो श्रोता म्हणून बसू शकेल. आज ज्यांना परवडते त्यांची मुले क्लासला जातात आणि हे सारे मिळवितात. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून शेतात जाणाऱ्या मुलाला ते फक्त शाळेच्या तासाला, विनामूल्य, मिळत होते. शोक त्याचा आहे.

माझा मुलगा आठवीत आहे. सातवीपर्यंत तो परिपाठाच्या प्रार्थनेत पुढे उभा राहून गात असे. आता त्याचा आवाज मध्येच फाटतो. बाईंनी त्याला गटातून काढले आणि ‘तुझा आवाज गेला’ असे सांगितले. तो घरीही गाईनासा झाला आहे. (आई, पाचोरा)

आवाज गेलेला नाही, तो फुटतो आहे. ज्या शाळेत संगीत जाणणारे कोणीच उरलेले नाही, तेथे हा गैरसमज हमखास होतो, म्हणून या पत्राचे उत्तर सविस्तर देतो.

साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांदरम्यान मुलाच्या स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो आणि स्वरतंतू लांब व जाड होतात. तंबोऱ्याची तार लांब आणि जाड घेतली की ती खालच्या सुरात बोलते, तसेच हे आहे. मुलांचा आवाज या काळात सुमारे एका सप्तकाने, म्हणजे एका ‘सा’पासून खालच्या ‘सा’पर्यंत, खाली उतरतो. हे उतरणे एका रात्रीत होत नाही. काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष चालते, आणि तोवर स्नायूंना नव्या तंतूंचा अंदाज येत नसल्यामुळे आवाज मध्येच घसरतो. मुलींचाही आवाज याच वयात बदलतो, पण तो दोन-तीन स्वरांनीच उतरत असल्यामुळे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आता शाळेत काय होते ते पाहा. परिपाठाची पेटी असली तर काळी चार किंवा काळी पाच (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखले जाणारे सूर) या मुलींच्या उंच पट्टीत लावलेली असते. आवाज फुटलेल्या मुलाला त्या पट्टीत वरचे स्वर मिळत नाहीत आणि खाली जावे तर फार खोल वाटते. मग तो एक तर ओरडतो किंवा नुसते ओठ हलवितो. दोन्ही गोष्टी शिक्षकाला दिसतात आणि मुलाला ‘बेसूर’ हा शिक्का बसतो, जो पुष्कळांच्या बाबतीत जन्मभर पुसला जात नाही. मला आजवर भेटलेल्या ‘माझ्या गळ्यात सूरच नाही’ म्हणणाऱ्या बहुतेक प्रौढ पुरुषांनी गाणे सोडलेले वय विचारले असता तेरा किंवा चौदा असेच सांगितले आहे.

आपण घरी एवढे करावे. त्याला गाणे पूर्ण बंद करू देऊ नये. मात्र जोर लावून, वरच्या पट्टीत गाऊ देऊ नये. मोबाईलवर तंबोऱ्याचे ॲप मिळते, त्यात काळी एक किंवा काळी दोन हा सूर लावून, मंद आवाजात, तोंड मिटून गुणगुणण्यापासून सुरुवात करावी. ज्या चार-पाच स्वरांत आवाज फाटत नाही, तेवढ्याच स्वरांत रोज दहा मिनिटे गावे आणि विस्तार हळूहळू, महिन्या-महिन्याने वाढू द्यावा. या काळात तबला किंवा पेटी शिकायला घातल्यास फार बरे. संगीताशी नाते राहते आणि गळ्यावरचा ताण जातो. घसा बसलेला असून तो तीन आठवड्यांत सुटला नाही, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण ते आवाज फुटण्याचे लक्षण नव्हे.

बाईंनाही भेटावे, पण भांडायला नव्हे. मुलामुलींचे दोन गट करून मुलांचे गाणे खालच्या पट्टीत घेतले, आणि एकत्र गायचे गाणे एका सप्तकात मावेल असे निवडले, तर आपल्या मुलाला परत पुढे उभे करता येईल. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसेल.

शास्त्रीय गायनाच्या परीक्षा दिल्यास दहावीला जादा गुण मिळतात, असे ऐकले. मुलगी नववीत आहे. आता क्लास लावला तर चालेल का? (पालक, धुळे)

गुणांसाठी म्हणत असाल, तर उशीर झाला आहे.

शास्त्रीय कला आणि लोककला यांतील प्रावीण्यासाठी दहावीला वाढीव गुण देण्याची तरतूद राज्यात आहे. ते शासनाने मान्य केलेल्या संस्थांच्या परीक्षांवरच मिळतात आणि त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. कोणत्या संस्था मान्य आहेत आणि अर्जाची मुदत काय, हे शाळेच्या कार्यालयात वर्षाच्या सुरुवातीलाच विचारावे. अडचण परीक्षांच्या क्रमाची आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण अशा पायऱ्यांनी चढतात आणि त्यापुढे विशारद व अलंकार येतात. नीट शिकायचे तर एकेका पायरीला साधारण एक वर्ष लागते. म्हणजे पाचवी-सहावीत सुरुवात केलेली मुलेच दहावीपर्यंत या गुणांपर्यंत पोहोचतात, आणि ती बहुधा शहरातली, क्लासची फी भरणारी मुले असतात. ज्या शाळा स्वतः संगीत शिकवीत नाहीत, त्या शाळांच्या निकालात ही बाहेर शिकलेल्या संगीताची भर पडते, हे मला खटकते. मुलीला आवड असेल तर क्लास अवश्य लावा. दहावीनंतरही ती गाणार आहेच. अकरावी-बारावीला कला शाखेत संगीत हा विषय घेता येतो, मात्र तो कोणत्या महाविद्यालयात चालतो याची आधी चौकशी करावी.

आमच्या शाळेत संगीताचे पद नाही आणि मिळण्याची आशा नाही. निधीही नाही. तरीही आठवड्याला एक तास काढण्याची माझी तयारी आहे. त्या तासाचे काय करू? (मुख्याध्यापक, शिरपूर तालुका)

तास देण्याची तयारी असलेले आपले हे एकमेव पत्र आहे, म्हणून आधी आभार.

माणूस गावातच शोधावा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शाळांत शिकविण्यासाठी बोलवावे, असे म्हटलेले आहे, त्याचा आधार आपल्या ठरावाला घेता येईल. जवळपास प्रत्येक गावात भजनी मंडळाची पेटी आणि मृदंग वाजविणारा कोणीतरी असतो. त्याला शिक्षक-पालक संघाचा ठराव करून, ठरलेल्या दिवशी, थोडे का होईना पण मानधन देऊन बोलवावे. फुकट येणारा माणूस पहिल्या पेरणीला येईनासा होतो. तास चालू असताना वर्गात शाळेचा एक शिक्षक कायम बसलेला असावा, आणि तास भजनाचाच होऊन बसणार नाही याकडेही त्याने लक्ष द्यावे, कारण वर्गात सर्व घरांतील मुले असतात.

पहिल्या वर्षी फार काही ठरवू नये. केरव्याच्या आठ मात्रा, ‘धागे नाति नक धिन’, हाताने टाळी-खाली दाखवीत मुलांकडून म्हणून घ्याव्यात. मग दादऱ्याच्या सहा. आठ आणि सहा यांतला फरक पायाला कळेपर्यंत पुढे जाऊ नये. त्यानंतर भूप : सा रे ग प ध, पाचच स्वर असल्यामुळे नवख्याला सोपा. राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांत, एका लयीत म्हणता येणे हेही संगीताचेच काम आहे. पुष्कळ शाळांत ते सुरू एका लयीत होते आणि संपते दुसऱ्या. 2023 पासून राज्यगीतही शाळांत म्हटले जाते, तेही ध्वनिक्षेपकावर लावून न देता मुलांनी गावे. साने गुरुजींनी 1924 ते 1930 या काळात अमळनेरला शिकविले. त्यांची प्रार्थना आपल्या भागात बहुतेक परिपाठांत होते. ती तोंडपाठ आहेच, तेव्हा ती सुरात बसविण्यापासून आरंभ केला तरी चालेल.

बाहेरची मदतही आहे. 1977 मध्ये सुरू झालेली ‘स्पिक मॅके’ ही चळवळ शाळा-महाविद्यालयांत शास्त्रीय आणि लोककलावंतांचे कार्यक्रम घडवून आणते. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र ही केंद्र शासनाची संस्था शिक्षकांना प्रशिक्षण देते आणि 10 ते 14 वर्षे वयाच्या गुणी मुलांना कलाशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. नववी ते बारावीच्या मुलांसाठी 2015 पासून ‘कला उत्सव’ भरतो. मात्र उत्सव आणि गॅदरिंग यांची तयारी या तासात करू नये, एवढी एकच अट मी घालीन. गॅदरिंगला मुले स्पीकरवरच्या गाण्यावर नाचतात, टाळ्या मिळतात, आणि संस्थेला वाटते की संगीत चालू आहे.

मी साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आश्रमशाळेत शिकविते. माझ्या वर्गातील दोन मुले पावरी वाजवितात. अधिकारी तपासणीला आले तेव्हा मुलांनी ‘आम्हाला संगीत येत नाही’ असे उत्तर दिले. मी काय करायला हवे होते? (शिक्षिका)

त्या मुलांनी जे उत्तर दिले ते आपणच त्यांना शिकविलेले आहे. आपण म्हणजे मीसुद्धा. कितीतरी वर्षे मी संगीत म्हणजे पेटी-तबला असेच शिकविले आणि भुलाबाईची गाणी खणखणीत म्हणणाऱ्या मुलींना ‘आता नीट गा’ असे म्हणालो.

पावरी हे भोपळा आणि बांबू यांपासून केलेले सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचे, वाद्य आहे आणि ते वाजविताना सूर अखंड ठेवण्यासाठी गालांत हवा धरून नाकाने श्वास घ्यावा लागतो. हे कसब शहरातल्या क्लासमध्ये बासरी शिकणाऱ्या मुलालाही सहजी येत नाही. पुढच्या वेळी त्या दोघांना वर्गासमोर बसवून, ते वाजवितात ती चाल किती मात्रांत फिरते, हे बाकीच्या मुलांना मोजायला सांगा. पावरीत किती सूर आहेत, ते पेटीवर कुठे सापडतात, कुठे सापडत नाहीत, याचा शोध घ्या. पेटीचे सूर ठरलेल्या जागी बसविलेले असतात आणि पावरीचे करणाऱ्याच्या हातावर असतात, त्यामुळे काही सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये निघतील. ते चुकीचे नव्हेत. तोच पुढच्या तासाचा धडा आहे.

एक काळजी घ्यावी. पावरीच्या काही चाली डोंगऱ्यादेव या आदिवासी देवाच्या विधीशी बांधलेल्या असतात आणि त्या एरवी वाजवाव्यात की नाही, हे त्या समाजातील जाणती माणसे ठरवितात. मुलांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय त्या चाली गॅदरिंगच्या मंचावर आणू नयेत. विचारायला म्हणून एखाद्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावले, आणि ते पावरी घेऊनच आले, तर तो दिवस वाया गेला असे समजू नये.

मी एका शाळेत लिपिक आहे. कपाटात दोन पेट्या आणि तबल्याचा एक जोड पंधरा वर्षांपासून बंद आहे. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. यंदा निर्लेखन करून, म्हणजे नोंदीतून कमी करून, भंगारात काढायचे ठरते आहे. काय करावे? (भुसावळ)

निर्लेखनाचा ठराव एक महिना पुढे ढकलावा.

पेटी बाहेर काढून आधी पुसावी आणि उलटी करून उंदरांनी आत काही केले आहे का ते पाहावे. मग एकही पट्टी न दाबता भाता भरावा. भाता भरलेला राहून हळूहळू बसत असेल तर पेटी चांगली आहे. लगेच बसत असेल तर भात्याचे कातडे किंवा कापड फाटले आहे आणि ते बदलता येते. पट्टी न दाबता सूर वाजत राहिला तर पट्टीखालची झडप नीट बसत नाही एवढेच समजावे. एखादा सूर मुका असेल तर पितळी पात्यात बहुधा कचरा अडकलेला असतो. तो स्वतः टाचणीने काढायला जाऊ नये, पाते वाकले तर सूर कायमचा बिघडतो. ही सारी कामे पेटी दुरुस्त करणारा कारागीर करतो आणि जुन्या पेटीची पाती पुष्कळदा नव्या स्वस्त पेटीपेक्षा सरस निघतात.

तबल्याच्या पुड्या, म्हणजे वरची कातडी, पंधरा वर्षांत गेलेल्या असणारच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पुडी तडकते आणि शाई, म्हणजे तिच्यावरचा काळा लेप, सुटते. पुड्या नव्या चढविता येतात, आणि तबल्याचे खोड व डग्ग्याचे भांडे शाबूत असले म्हणजे जोड वाचला. यापुढे ही वाद्ये पत्र्याखाली ठेवू नयेत, भिंतीला चिकटवून ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात निदान आठवड्याला एकदा पेटीचा भाता चालवावा.

कारागिराचा अंदाज लेखी घेऊन तो निर्लेखनाच्या प्रस्तावाला जोडा आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवा. मोबाईलमधला तंबोरा आता फुकट मिळतो, त्यामुळे तो विकत घेण्याचा खर्च नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, याची मात्र आजच चौकशी करा. माझ्या शाळेत ती सापडायला दोन महिने लागले होते.